विमानाच्या आवाजाची तक्रार कशी हाताळावी : विमानतळावर नव्याने रुजू झालेल्यांसाठी

पहिल्या आठवड्यात तुमच्या ताब्यात दोन गोष्टी येतील. एक तक्रारींची नोंदवही, जी आता बहुतेक ठिकाणी एक्सेलची फाईल असते, आणि एक मोबाइल, जो रात्री अकरानंतर जास्त वाजतो. तुम्ही पर्यावरण विभागात असाल, जनसंपर्कात असाल किंवा ड्यूटी मॅनेजरच्या हाताखाली असाल. नेमणुकीच्या पत्रात या कामाचा उल्लेखही नसेल, तरी फोन तुमच्याकडेच येणार.

हे काम मी बरीच वर्षं केलं आणि सुरुवात चुकीची केली. रुजू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. पत्नी आजारी, दुपारी दोन तास डोळा लागतो तेवढाच, आणि मंगळवारपासून विमानं अचानक घरावरून जायला लागली आहेत, असं का, एवढंच त्यांनी विचारलं. मी मोजणीचा अहवाल काढला आणि कळवलं, "आवाज विहित मर्यादेत आहे." वाक्य खरं होतं, पण त्यांनी मर्यादा विचारलीच नव्हती. धावपट्टीच्या कामामुळे विमानांची दिशा बदलली होती आणि ते काम शनिवारी संपणार होतं. नियंत्रण टॉवरला (विमानांना उडण्या-उतरण्याची परवानगी देतात तिथे) एक फोन केला असता तर मला हे कळलं असतं, आणि त्यांना पत्नीला चार दिवस लेकीकडे हलवता आलं असतं. त्यांचा फोन पुन्हा आला नाही. आलं ते आमदारांचं पत्र, सोसायटीतल्या रहिवाशांच्या सह्यांसकट.

तेव्हापासून एकच नियम पाळला: जे विचारलंय त्याचं उत्तर आधी द्यायचं, बाकीचं नंतर.

फोन घेताना

पहिली दोन मिनिटं समोरच्याला बोलू द्या. माणूस बहुधा झोपेतून उठलेला असतो, किंवा तान्हं बाळ तिसऱ्यांदा जागं झालेलं असतं. मध्येच "सर, फ्लाइट नंबर सांगता का?" असं विचारलं की त्याला वाटतं, आपल्याला टाळतायत. फ्लाइट नंबर शोधणं हे तुमचं काम आहे, त्याचं नाही. वयस्कर व्यक्ती असेल तर काका, आजी म्हणा. कॉल सेंटरसारखं "आपल्या असुविधेबद्दल खेद आहे" म्हणू नका. घरातली झोपमोड ही असुविधा नसते, त्रास असतो, आणि तो शब्द तुमच्या तोंडून आला की समोरच्याचा चढलेला आवाज खाली येतो, हे मी शेकडो वेळा पाहिलंय.

मग सहा गोष्टी विचारून घ्या: तारीख, वेळ, ठिकाण, आवाज कसा होता, एकदा की पुन्हापुन्हा, आणि उत्तर हवंय का.

वेळ नेमकी हवी. "आत्ताच गेलं" म्हणाले तर तुमच्या घड्याळातली वेळ लिहा. "पहाटे कधीतरी" म्हणाले तर दूधवाल्याच्या आधी की नंतर, नळाला पाणी येण्याच्या आधी की नंतर असं विचारा, लोकांना अशा खुणा पक्क्या आठवतात. गजबजलेल्या विमानतळावर दहा मिनिटांत सात-आठ विमानं जातात, त्यामुळे वेळ चुकली की विमान चुकतं.

ठिकाण म्हणजे सोसायटी, जवळची खूण आणि मजला. मजला विसरू नका. खालच्या मजल्यांना आजूबाजूच्या इमारतींचा आडोसा असतो, बाराव्या मजल्याला नसतो.

आवाज कसा होता हे त्यांच्याच शब्दांत लिहा. "गडगडाट", "शिट्टी", "घरघर थांबतच नव्हती", "खिडकीची तावदानं थरथरली", असे शब्द वेगवेगळ्या कारणांकडे बोट दाखवतात, ते पुढे सांगतो. नोंदवहीत "नॉइज" असा एकच शब्द लिहून ठेवला तर सकाळी शोधणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

नाव आणि फोन नंबर द्यायचा नसेल तर आग्रह करू नका. निनावी तक्रारही नोंदवायची.

आणि एक वाक्य तोंडातून कधीही जाऊ देऊ नका: "विमानतळ आधीपासून होता, तुम्ही नंतर राहायला आलात." ते खरं असलं तरी त्याने कुणाची झोप परत येत नाही. शिवाय अनेकदा ते खरंही नसतं. माणूस तीस वर्षं तिथेच असतो, बदललेली असते ती धावपट्टी, वेळापत्रक किंवा विमानांची संख्या. नवी मुंबईचं उदाहरण घ्या. तिथलं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला प्रवासी वाहतुकीसाठी सुरू झालं, आणि उलवे-पनवेलकडच्या कित्येक जुन्या घरांना विमानाचा आवाज त्या हिवाळ्यात पहिल्यांदा कळला.

तारखेचा सापळा

नवा माणूस हमखास इथे चुकतो, म्हणून वेगळं लिहितो. विमान वाहतुकीतल्या बहुतेक नोंदी यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, आणि आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास आहे. १५ तारखेला रात्री २ वाजून १० मिनिटांनी आलेली तक्रार म्हणजे यूटीसीनुसार १४ तारखेचे २० वाजून ४० मिनिटं. वेळच नाही, तारीखही बदलते. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतल्या प्रत्येक तक्रारीला हे लागू, आणि नेमक्या याच तक्रारी सगळ्यांत तळमळीच्या असतात. नोंदवहीत दोन रकाने ठेवा, भारतीय वेळ आणि यूटीसी. चुकीची तारीख शोधून "त्या वेळी एकही विमान नव्हतं" असं कळवलेलं मी पाहिलंय. ज्याने विमान स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं त्याला असं उत्तर गेलं, की पुढे त्याचा तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास बसत नाही.

शोध: वाऱ्यापासून सुरुवात

विमान शक्यतो वाऱ्याच्या विरुद्ध तोंड करून उडतं आणि उतरतं. म्हणून पहिला प्रश्न: त्या वेळी कोणती धावपट्टी, कोणत्या टोकाकडून वापरात होती? धावपट्टीचा आकडा म्हणजे होकायंत्रावरच्या दिशेचा दहावा भाग. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिमेकडे तोंड. त्याच धावपट्टीचं दुसरं टोक ०९, पूर्वेकडे तोंड.

मुंबईचं उदाहरण समजून घेतलंत तर बाकी सगळं सोपं जाईल. तिथे दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, ०९/२७ आणि १४/३२, त्यामुळे दोन्हींवर एकाच वेळी स्वतंत्रपणे वाहतूक चालवता येत नाही. वर्षातला बराच काळ वारा समुद्राकडून येतो, म्हणून २७ वापरतात. उतरणारी विमानं पूर्वेकडून घाटकोपर-कुर्ल्यावरून येतात आणि उडणारी विलेपार्ले-जुहूवरून समुद्राकडे जातात. कुर्लेकरांना लँडिंग ऐकू येतं आणि पार्लेकरांना टेकऑफ. मुख्य धावपट्टी दुरुस्तीला काढली की सगळी वाहतूक दुसरीवर जाते. नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२० या काळात मुख्य धावपट्टी सोमवार ते शनिवार सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच बंद होती. अशा वेळी एरवी शांत असलेल्या वस्त्यांवरून दिवसभर विमानं जातात, आणि तिथल्या लोकांना काही माहीत नसेल तर ते फोन करणारच.

तेव्हा वारा बघण्यासाठी मेटार काढा. मोठ्या विमानतळांवर हा हवामानाचा अहवाल दर अर्ध्या तासाने निघतो. त्यात वाऱ्याच्या गटातले पहिले तीन आकडे म्हणजे वारा कुठून येतो ती दिशा, पुढचे दोन म्हणजे नॉटमध्ये वेग. मग त्या दिवसाचे नोटम, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेल्या सूचना, बघा. धावपट्टी किंवा टॅक्सीवे (धावपट्टीकडे जाण्या-येण्याचा रस्ता) बंद होता का, ते तिथे कळतं. मग टॉवरकडून त्या दहा मिनिटांतली विमानं. विमानाचा माग फ्लाइटरडार२४ सारख्या ॲपवरही दिसतो आणि तक्रारदारही तेच बघत असतात, पण लेखी उत्तरात एटीसीची, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाची, नोंद आधाराला घ्या. लष्करी विमानं आणि काही छोटी विमानं त्या ॲपवर दिसतच नाहीत.

"विमान इतकं खाली का होतं?"

हा प्रश्न रोज येईल. उतरणारं विमान साधारण ३ अंशांच्या उतारावरून येतं, म्हणजे धावपट्टीच्या टोकापासून दर किलोमीटरला सुमारे ५२ मीटर उंची. टोकावर ते १५ मीटरच्या आसपास असतं. चार किलोमीटरवरच्या घरावरून ते जवळपास २२५ मीटरवरून जाणार, दहा किलोमीटरवर सुमारे ५४० मीटरवरून. हा हिशेब पाठ करा आणि फोनवरच सांगा: "काका, तुमचं घर टोकापासून चार किलोमीटर. तिथे विमान सव्वादोनशे मीटरवर असायलाच हवं, आणि नोंदीत तेवढंच दिसतंय." मोठं विमान असलं की ते आहे त्यापेक्षा जवळ वाटतं, हेही सांगा. पण आधी नोंद बघा. एखादं विमान खरंच ठरलेल्या वाटेपेक्षा खाली किंवा बाजूला असतं, आणि तेव्हा तक्रार करणाऱ्याने तुम्हाला मोलाची माहिती दिलेली असते.

उडणाऱ्या विमानाचं वेगळं. ते किती चटकन वर जाईल हे वजनावर आणि उन्हावर ठरतं. मे महिन्यात नागपूरला पारा ४५ च्या आसपास गेला की हवा विरळ होते, इंजिनाला आणि पंखांना कमी जोर मिळतो, विमान सावकाश चढतं आणि घरांवर जास्त वेळ खाली राहतं. लांब पल्ल्याचं, इंधनाने भरलेलं विमान तसंच. मुंबईहून रात्री दोन-तीन वाजता युरोपला जाणारी अशीच जड विमानं असतात. ती त्या वेळी का निघतात, असं लोक चिडून विचारतात. प्रवाशांना सकाळी पोहोचायचं असतं हे एक. दुसरं असं की युरोपातल्या काही विमानतळांनी आपल्या रहिवाशांची रात्र राखली आहे. फ्रँकफर्टला २०११ पासून रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणं बंद आहेत, लंडनच्या हीथ्रोला रात्रीच्या उड्डाणांची संख्या बांधून दिलेली आहे. तिथे पहाट उजाडल्यावर उतरायचं तर इथून मध्यरात्री निघावं लागतं. मला स्वतःला हे टोचतं आणि मी ते लोकांना स्पष्ट सांगत आलोय. कारण कळलं की त्रास कमी होत नाही, पण फसवल्याची भावना तरी जाते.

आवाजावरून कारण ओळखणं

आता लोक वापरतात ते शब्द.

शिट्टी किंवा हुंकार, विमान उतरताना, इंजिनाच्या आवाजापासून वेगळा: बहुधा एअरबस कंपनीचं, ए३२० कुटुंबातलं जुनं विमान. त्याच्या पंखाखाली इंधनटाकीच्या हवेसाठी गोल छिद्रं असतात, त्यांवरून वारा गेला की बाटलीच्या तोंडावर फुंकल्यासारखा सूर निघतो. छिद्रापुढे छोटीशी पत्र्याची पट्टी बसवली की तो जातो. २०१४ पासून अशा पट्ट्या बसवल्या जाऊ लागल्या. ज्यांना ही शिट्टी ऐकू आली त्यांचे कान तयार आहेत असं समजा आणि तसं सांगाही.

थांबतच नाही अशी घरघर: बहुतेकदा हवेतलं विमान नसतंच. दुरुस्तीनंतर इंजिन जमिनीवर चालवून बघतात तो रन-अप, किंवा उभ्या विमानाच्या शेपटीतलं एपीयू, म्हणजे विमानाला वीज पुरवणारं छोटं इंजिन. थंडीच्या शांत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार होते, मग आवाज वर निघून न जाता वाकून पुन्हा जमिनीकडे येतो आणि एरवी जिथे पोहोचत नाही तिथवर पोहोचतो. पुणे-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत हे फार. या प्रकाराकडे जास्त लक्ष द्या, कारण इथे आपल्याला खरोखर काही करता येतं: रन-अपची वेळ बदलणं, जागा बदलणं, विमानाचं तोंड फिरवून उभं करणं, उभ्या विमानाला एपीयूऐवजी जमिनीवरची वीज देणं. आकाशातल्या विमानाबाबत एवढे उपाय आपल्या हातात नसतात.

पुन्हापुन्हा, दर पाच-सात मिनिटांनी तेच छोटं विमान: प्रशिक्षणाचं सर्किट. शिकाऊ वैमानिक टेकतो, लगेच उडतो, गोल फिरून पुन्हा येतो. बारामती, गोंदिया, शिरपूर अशा ठिकाणी हे चालतं. आवाज जेटपेक्षा कमी, पण तासभर डोक्यावर फिरणारा. इथे डेसिबल सांगून उपयोग नाही. सर्किट किती वाजेपर्यंत चालेल ते सांगा, आणि प्रशिक्षण संस्थेशी बोलून सर्किटची बाजू आलटूनपालटून ठेवता येते का ते पाहा.

गडगडाट आणि तावदानं थरथरणं: लढाऊ विमान किंवा हेलिकॉप्टर. पुण्याचं लोहगाव हे मुळात हवाई दलाचं, गोव्याचं दाबोळी नौदलाचं. तिथली नागरी टर्मिनल ही पाहुण्यांसारखी. लष्करी उड्डाणांची माहिती तुम्हाला मिळणार नाही आणि मिळाली तरी सांगता येणार नाही. "हे नागरी विमान नव्हतं, तुमची तक्रार मी हवाई दलाच्या तळाकडे पाठवली" एवढं खरं आणि पुरेसं. हेलिकॉप्टरचा प्रश्न मुंबईत जुहूचा. १९२८ साली सुरू झालेलं हे विमानतळ आता मुख्यतः हेलिकॉप्टरचं आहे आणि समुद्रातल्या तेलविहिरींची ये-जा तिथून चालते.

ऋतूंचंही गणित असतं. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, तक्रारी कमी. ऑक्टोबरात खिडक्या उघडल्या की वाढतात. वीज गेली, पंखा बंद पडला की त्याच आवाजाची तक्रार येते, कारण तोवर पंख्याच्या घरघरीने तो झाकलेला असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या घरांतून फोन येतात. त्या दोन महिन्यांत संध्याकाळचे रन-अप टाळा असं मी इंजिनीअरिंगवाल्यांना दरवर्षी जाऊन सांगत असे. बहुतेकदा ऐकत.

डेसिबल: सांगायचे कधी आणि कसे

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जून २०१८ मध्ये विमानतळांसाठी वेगळी ध्वनिमानकं अधिसूचित केली. वर्षाला ५० हजारांहून जास्त उड्डाणं-अवतरणं असलेल्या विमानतळासाठी दिवसा ७० आणि रात्री ६५ डेसिबल, इतरांसाठी ६५ आणि ६०. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा ५५ आणि ४५ आहे. लोकांनी हीच वाचलेली असते, म्हणून ते म्हणतात, "आमच्याकडे ४५ हवं." दोन्ही अधिसूचना मुळातून वाचा, कशाला लागू आणि कशाला नाही ते नीट बघा, आणि दोन्ही आकडे एकत्र सांगा. एकच सांगून दुसरा दडवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी केलेली शिफारस तर रात्री विमानांच्या आवाजासाठी ४० डेसिबलची आहे. कायद्याची मर्यादा आणि तब्येतीला बरं असणारा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य करायला कसली लाज?

मर्यादेचा आकडा सरासरीचा असतो, हे तुम्हाला स्वतःला आधी कळायला हवं. एक हिशेब करा. समजा रात्रीच्या आठ तासांत घरावरून चार विमानं गेली, आणि एकेका विमानाचा सगळा आवाज एका सेकंदात गोळा केला तर ९० डेसिबल भरतो (याला एसईएल म्हणतात). आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. त्यांवर हा आवाज पसरला की विमानांची सरासरी सुमारे ५१ डेसिबल येते. ६५ च्या कितीतरी खाली. पण त्या घरातला माणूस चार वेळा उठलेला असतो. विमानं चाराची आठ झाली तर सरासरी फक्त ३ डेसिबलने वाढते आणि उठणं दुप्पट होतं. अहवाल आणि तक्रारदार दोघंही खरं बोलत असतात ते असं.

सिडनीला १९९४ मध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाली तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. सरासरीचे नकाशे बघून ज्यांना वाटलं होतं आपल्याला त्रास नाही, त्यांच्याही डोक्यावरून विमानं जात होती. पुढे ऑस्ट्रेलियात आवाज सांगण्याची पद्धत बदलली: घराबाहेर ७० डेसिबलच्या वर जाणारी विमानं दिवसात किती, हे मोजून सांगायचं. तुम्हीही तेच करा. "काल रात्री दहा ते सहा या वेळात तुमच्या बाजूने ११ विमानं गेली, त्यातली ७ मध्यरात्रीनंतर. परवा दोनच होती, कारण वारा उलटा होता." हे आजीलाही कळतं आणि नगरसेवकालाही.

उत्तर लिहिताना

तीन दिवसांत उत्तर गेलं पाहिजे, अर्धवट असलं तरी. पत्रापेक्षा फोन बरा, आणि फोननंतर दोन ओळींचा मेसेज. साधारण असं:

"काल रात्री १ वाजून ४२ मिनिटांनी तुमच्या सोसायटीवरून एक मोठं प्रवासी विमान गेलं, तुमची नोंद बरोबर आहे. मुख्य धावपट्टीचं काम चालू असल्याने या आठवड्यात विमानं तुमच्या बाजूने जात आहेत. काम शनिवारी सकाळी ६ वाजता संपेल. लांबलं तर मी स्वतः कळवीन. तुमची तक्रार नोंदवही क्रमांक अमुक."

"तुमची नोंद बरोबर आहे" हे वाक्य पहिल्या ओळीत का, ते लक्षात आलं असेल. फोन करणाऱ्याला कित्येक दिवस घरच्यांनी, शेजाऱ्यांनी "तुलाच जास्त ऐकू येतं" असं सांगितलेलं असतं.

"आम्ही योग्य ती कारवाई करू" लिहू नका. कारवाई काय, कोण करणार, कधी, हे ठाऊक असेल तर तेच लिहा. ठाऊक नसेल तर "हे आमच्या हातात नाही, ज्यांच्या हातात आहे त्यांच्याकडे अमुक तारखेला पाठवलं" असं लिहा. विमान कुठल्या वाटेने न्यायचं हे एटीसी आणि वैमानिक ठरवतात, आणि तिथे सुरक्षितता आधी येते. "उद्यापासून तुमच्यावरून जाणार नाही" असं वचन तुम्हाला देताच येत नाही. ते दिलंत तर ज्यांच्यावरून जाईल त्यांचा फोन परवा येईल.

पुढे पाठवायचं कुणाकडे? वाट किंवा उंची चुकलेली दिसली तर एटीसीकडे. एकाच कंपनीचं विमान वारंवार असेल तर त्या कंपनीच्या स्टेशन मॅनेजरकडे. रन-अप असेल तर दुरुस्ती करणाऱ्या संस्थेकडे. धोरणाचा प्रश्न असेल तर डीजीसीएकडे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय), त्यांच्या सीएआर या नियमावलीतला दहावा विभाग पर्यावरणाचा आहे, तो एकदा वाचून काढा. माहिती अधिकाराचा अर्ज आला तर घाबरू नका. नोंदवही नीट असेल तर ३० दिवसांची मुदत भरपूर होते. तक्रार दुर्लक्षिली की ती कुठवर जाते याचं उदाहरण दिल्लीचं. २००८ साली तिसरी धावपट्टी सुरू झाल्यावर वसंत कुंज भागातला आवाजाचा वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला.

फोनवर कुणी विमानावर लेझर मारीन, ड्रोन सोडीन असं रागाने म्हणालं तर ती तक्रार राहत नाही. शांतपणे फोन संपवा आणि लगेच सुरक्षा विभागाला कळवा.

रोज फोन करणारे

डब्लिन विमानतळाकडे २०२१ मध्ये १३,५६९ तक्रारी आल्या, त्यातल्या १२,२७२ एकाच व्यक्तीच्या होत्या. दिवसाला सरासरी ३३-३४. तुमच्याकडेही अशी एक-दोन माणसं असतील. महिन्याच्या अहवालात तक्रारी किती आणि तक्रारदार किती, हे दोन आकडे वेगळे द्या. नाहीतर एका घराचा त्रास सगळ्या गावाचा वाटतो, किंवा उलट, एकाच घराची कटकट म्हणून सगळ्यांचाच त्रास झटकला जातो.

अशा माणसाची प्रत्येक तक्रार नोंदवा, पण प्रत्येकीला वेगळं उत्तर देऊ नका. त्यांच्याशी ठरवून घ्या: दर सोमवारी मी तुम्हाला आठवड्याची यादी पाठवीन. माझ्याकडे एक गृहस्थ होते, हवामान, धावपट्टी, वेळ सगळं वहीत लिहून ठेवायचे. आमचं मोजणीयंत्र बंद पडलेलं नऊ दिवस कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, ते त्यांच्या वहीमुळे कळलं. जमलं तर अशा माणसाला एकदा विमानतळावर बोलवा, नकाशा दाखवा, चहा पाजा. वरिष्ठ नाक मुरडतील, तरी बोलवा.

आधी सांगणं

सगळ्यांत जास्त तक्रारी कमी होतात त्या फोन येण्याआधी सांगितल्याने. धावपट्टीचं काम, रात्रीची चाचणी, हवाई कसरतींचा सराव, नवं वेळापत्रक (ते वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीला बदलतं) यांची तारीख हाती आली की त्या बाजूच्या सोसायट्यांच्या सेक्रेटरींना, रुग्णालयांना, शाळांना आणि ग्रामपंचायतीला साध्या मराठीत मेसेज पाठवा: कुठून, कधीपासून, किती वाजता, कधी संपणार. हीथ्रोला तर पश्चिमेकडे तोंड करून वाहतूक चालते त्या दिवशी दुपारी ३ वाजता उतरण्याची धावपट्टी बदलतात, आणि त्याचं वेळापत्रक आधीच जाहीर असतं. एका बाजूला सकाळ शांत, दुसरीला दुपार. आवाज तेवढाच राहतो, पण कधी संपणार हे माहीत असतं.

घर घेणारेही फोन करतात, "इथे फ्लॅट घ्यावा का?" सल्ला देऊ नका, माहिती द्या. बिल्डर विमानतळ प्राधिकरणाची एनओसी दाखवतात, ती इमारतीच्या उंचीपुरती असते, आवाजाचा तिच्याशी संबंध नाही. हे निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. त्या जागी एकदा पहाटे, एकदा रात्री बारानंतर, खिडकी उघडी ठेवून अर्धा तास बसा म्हणावं, आणि वारा बदलतो तेव्हा दुसऱ्या ऋतूत पुन्हा एकदा.

शिफ्ट सोडताना

फाईल बंद करण्याआधी पुढच्या शिफ्टसाठी चार ओळी लिहा. कोणती धावपट्टी चालू आहे, कोणतं काम किती वाजता संपणार, कुणाला उत्तर द्यायचं राहिलंय, आणि कोण पुन्हा फोन करण्याची शक्यता आहे. माझ्या शेवटच्या रात्रीची नोंद अशी होती: "तलावापलीकडच्या बी विंगमधल्या ताई साडेबाराच्या सुमारास फोन करतील, बाळ तीन महिन्यांचं आहे. आजचा रन-अप सव्वाबाराला संपला, आता सकाळी सातपर्यंत नाही. हे त्यांना पहिल्या वाक्यात सांगावं."